गाळलेला प्रश्न

चंद्रकांतचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोवर त्याच्या धाकट्या भावानं, जयसिंगनं, गाडीचा विषय काढला. जयसिंग महाळुंग्याला नव्या सोसायटीत राहायचा. कासार आंबोलीला आला की घटकाभर आईपाशी बसायचा, गोठ्यात डोकवायचा आणि निघायचा. त्या रविवारी मात्र तो अंगणातल्या पांढऱ्या गाडीभोवती फिरला, टायर दाबून पाहिला आणि ओट्यावर येऊन टेकला.

"वहिनी, गाडी उभी राहून खराब व्हायला लागलीय. मी घेऊन जातो तिकडं. हितं चालवणार कोण?"

शुभांगी शेंगा फोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी."

जयसिंगनं आईकडं पाहिलं. भिंतीला पाठ लावून बसलेल्या रंभाबाईंनी तोंड दुसरीकडं फिरवलं. "च्या पिऊन जा," एवढंच त्या लेकाला म्हणाल्या.

शुभांगीनं हे काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला, आणि गेल्यावर तिला कळलं की तो परत घ्यायची आपली इच्छा नाही.

त्यांचं घर गावठाणापासून लांब, शेतात. भोवती पुण्याच्या लोकांचे बंगले. आठवडाभर त्यांना कुलपं आणि शनिवारी दिवे. शेताची खालची पट्टी अशाच एका बंगल्यासाठी विकली तेव्हा चंद्रकांतनं ओळखीतल्या माणसाची गाडी घेतली होती. गाडी आली त्याच आठवड्यात तो बायकोला म्हणाला होता, "चल, तुला शिकवतो." शुभांगी हसून "नगं बाई" म्हणाली होती, आणि रंभाबाई चुलीपासून बोलल्या होत्या, "तिला कुटं जायचंय गाडी घिऊन? तू हायेस की." तो विषय तिथंच संपला. त्यानंही पुन्हा काढला नाही.

तो गेला ती सकाळ अगदी रोजच्यासारखी होती. डेअरीला दूध घालून आला, गोठ्यापाशी आला आणि दावणीला धरून खाली बसला. छातीत भरून आलंय म्हणाला. शुभांगीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती निघाली होती, पण लांबून यायची होती. शेजारचे बाप्ये पिरंगुटच्या कंपन्यांत कामावर गेलेले. बंगल्याची राखण करणारा देवू तेवढा धावत आला, पण गाडी त्यालाही येत नव्हती. तिघांनी मिळून चंद्रकांतला मागच्या सीटवर निजवलं. त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं. शुभांगी पुढं बसली आणि तिनं चावी फिरवली.

गाडी गिअरमध्ये होती, हे तिला कुठून कळणार? गाडीनं गचका दिला, पुढं उडी घेतली आणि बंद पडली. मागं चंद्रकांत कण्हला. तिनं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तसंच.

"चालीव," रंभाबाई मागून म्हणत होत्या. "शुभे, चालीव."

शेवटी देवू रस्त्यावर पळाला आणि विटांचा टेम्पो थांबवून घेऊन आला. पिरंगुटच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

त्या सकाळबद्दल सासू-सुनेत पुढं कधी बोलणं झालं नाही. रंभाबाई तिच्या हातचं खात होत्या, औषधं मागत होत्या, शेळ्यांचं काय ते सांगत होत्या. पण "शुभे" ही हाक त्या दिवशी गाडीत मारली ती शेवटचीच. आता गरज पडली की त्या नुसतं "अगं" म्हणायच्या.

लर्निंग लायसन्सची परीक्षा असते, चिन्हं आणि नियम विचारतात, हे दिशानं सांगितलं. दिशा शुभांगीची मुलगी, बारावीला. तिनं मोबाईलवर प्रश्न काढले आणि कॉलेजातून आली की जेवणाच्या आधी आईला घेऊन बसू लागली. शुभांगी दहावी शिकलेली. पाठांतर तिला जड नव्हतं. लाल गोलात असेल तो हुकूम, त्रिकोणात असेल ती सूचना, निळ्या चौकोनात माहिती. पिरंगुटला बाजाराला जाताना ती बसच्या खिडकीतून पाट्या वाचत जायची. इतकी वर्षं ज्या रस्त्यानं ती येत-जात होती, त्या रस्त्याच्या कडेला हे सगळं लिहून ठेवलेलं होतं आणि तिनं एकदाही बघितलं नव्हतं. पुढे वळण आहे. पुढे शाळा आहे. ओव्हरटेक करू नका. चंद्रकांतच्या शेजारी बसून ती याच रस्त्यानं गेली होती तेव्हा त्यानं हे सगळं वाचलं असेल, तिच्याशी बोलता बोलता.

"झेब्रा क्रॉसिंगवर माणूस रस्ता ओलांडत असेल तर?" दिशा विचारायची.

"थांबायचं. तो पलीकडं जाईस्तोवर."

"अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर?"

"आपण थांबायचं. ती आली की मग जायचं."

असं चाललेलं असायचं. मध्येच दिशाचं बोट स्क्रीनवर जरा अडखळायचं आणि मग ती एक प्रश्न ओलांडून पुढच्यावर जायची. दर वेळी तोच प्रश्न. शुभांगीला पहिल्यांदा गाळला तेव्हाच समजलं होतं तो कोणता ते. ती पुढच्याचं उत्तर द्यायची. पोरगी तिला जपत होती, आणि ती पोरीला. दिशा त्या दिवशी कॉलेजात होती. बापाला तिनं पाहिलं ते दवाखान्यातून घरी आणल्यावर.

रंभाबाई भाकऱ्या थापत ऐकत असायच्या.

परीक्षेच्या दिवशी शुभांगी एकटीच पुण्याला गेली. आरटीओच्या खोलीत कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते आणि बहुतेक मुलं दिशापेक्षा थोडीच मोठी. तिनं चष्मा पुसला. पहिले प्रश्न सोपे गेले. चिन्हं ओळखीची होती. तिला बरं वाटायला लागलं, इतकं की मनात आलं, संध्याकाळी ह्यांना सांगावं.

आणि मग तो प्रश्न आला. पाठीमागून रुग्णवाहिका येत असेल तर तुम्ही काय कराल?

खाली तीन उत्तरं होती. बरोबर कुठलं हे शेंबडं पोरही सांगेल. शुभांगीनं बोट उचललं. पण तिला पडदा दिसेना. तिला दिसत होता तो बंगल्यांमधून येणारा रिकामा रस्ता, आणि कान लावून बसलेली ती स्वतः, चावी हातात. प्रश्नाची वेळ संपली आणि कॉम्प्युटरनं आपोआप पुढचा प्रश्न आणला. तिनं तो वाचला, पण डोक्यात शिरला नाही. त्याच्या पुढचाही. शेवटी पडद्यावर 'अनुत्तीर्ण' असं आलं.

"होतं असं, मावशी. परत या," तिथला माणूस म्हणाला. तो चांगल्यानं बोलला म्हणून तिला जास्तच रडू आलं. बाहेर येऊन ती एका झाडाखाली उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं आणि बस धरली.

घरी आल्यावर तिनं नापास झाल्याचं सांगितलं. कशानं ते सांगितलं नाही.

"अवघड होते का प्रश्न?" दिशानं विचारलं.

"न्हाई. आलंच नाही मला."

दिशानं आईकडं पाहिलं. "तो आला होता ना?" शुभांगीनं मान डोलावली. दिशा उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अभ्यासाला बसल्या, तेव्हा दिशाचं लक्ष लागत नव्हतं. दोन-चार प्रश्न झाले आणि तिचं बोट पुन्हा अडखळलं.

"त्यो इचार तिला," रंभाबाई म्हणाल्या.

त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

"कुठला, आज्जी?"

"गाडीचा. दवाखान्याच्या. जो तू रोज गाळतीयास."

दिशानं आईकडं बघितलं. शुभांगी म्हणाली, "विचार."

दिशानं वाचलं. तिचा आवाज मध्येच चिरकला, पण तिनं पूर्ण वाचलं.

"आपली गाडी कडेला घ्यायची," शुभांगी म्हणाली. "आणि तिला वाट द्यायची."

"परत इचार," रंभाबाई म्हणाल्या.

"आज्जी, बास ना."

"परत इचार. तितं कोनी थांबणार न्हाई तिच्यासाठी."

दिशानं परत विचारलं. शुभांगीनं परत सांगितलं. या वेळी बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण उत्तर अडलं नाही. तिसऱ्यांदा रंभाबाईंनी स्वतःच विचारलं, त्यांच्या भाषेत: "मागनं ती गाडी आली तर काय करशील, शुभे?"

शुभांगीनं डोळे पुसले. "कडेला घीन, आत्या. वाट दीन."

रंभाबाईंनी सूप पुढं ओढलं आणि खडे वेचायला लागल्या. खड्यांबरोबर तांदूळही बाहेर पडत होते.

दुसऱ्या खेपेला शुभांगी पास झाली. या वेळी तो प्रश्न आलाच नाही.

लर्निंग मिळालं तरी शेजारी लायसन्सवालं माणूस लागतं. पिरंगुटच्या एका ड्रायव्हिंग क्लासात शीतल नावाची मुलगी शिकवायची. ती स्कूटीवरून घरी यायला लागली. हसरी आणि बोलकी. या घरातला कर्ता गडी गेलाय एवढं तिला माहीत होतं; कसा गेला ते तिनं विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही. शुभांगी आधी अंगणात शिकली, मग बंगल्यांच्या मधल्या रस्त्यावर. क्लच, ब्रेक, गिअर. किती साधं असतं हे, असं तिला पुन्हा पुन्हा वाटायचं, पण त्यानं बरं काही वाटायचं नाही.

एका सकाळी शीतल म्हणाली, "काकू, आज मोठ्या रस्त्याला जाऊ. पिरंगुटपर्यंत."

शुभांगी गाडीत बसत होती तेवढ्यात रंभाबाई घरातून बाहेर आल्या. धुतलेलं लुगडं नेसल्या होत्या. "मला बीपीच्या गोळ्या घ्यायच्यात," असं कोणाकडंच न बघता म्हणाल्या आणि मागचं दार उघडून बसल्या. गोळ्या घरात होत्या, हे शुभांगीला माहीत होतं.

गाडी निघाली. बंगले मागं पडले, पौडचा रस्ता लागला. ट्रक जवळून गेला की शुभांगीचे खांदे आखडायचे, पण तिनं स्टिअरिंग सोडलं नाही. आरशात तिला सासूचं कपाळ आणि डोळे दिसत होते. त्या बाहेर बघत नव्हत्या. आपल्या मांडीकडं बघत होत्या.

पिरंगुटची दुकानं सुरू झाली. शीतलनं बोट दाखवलं. "त्या दवाखान्यापाशी जागा आहे, तिथं लावा." शुभांगीनं गाडी हळूहळू कडेला घेतली, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला.

"मस्त," शीतल म्हणाली. "बघा, किती पटकन आलो आपण."

शुभांगीचे हात स्टिअरिंगवरच राहिले. समोर त्याच दवाखान्याच्या पायऱ्या होत्या. कोणी एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उतरत होती.

"व्हय," मागून रंभाबाई म्हणाल्या. हळू आवाजात. "जवळच हाय की गं."

शीतलला वाटलं म्हातारीला उतरायला हात द्यावा. ती उतरून मागं गेली आणि तिनं दार उघडलं, पण रंभाबाईंनी मान हलवली. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. शीतल गोंधळून शुभांगीकडं पाहू लागली. शुभांगी म्हणाली, "दोन मिनिटं बसू दे त्यांना." मग तिनं पुढं बसूनच हात मागं नेला. रंभाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवून घेतला.

रस्त्यावरून बसा जात होत्या, कंपनीची रात्रपाळी सुटली होती.

"गोळ्या आणू का, आत्या?"

"नगं. हायेत घरात." रंभाबाईंनी नाक पुसलं. "चल. म्हशीला पाणी दावायचं राहिलंय."

शीतल पुन्हा पुढं येऊन बसली. शुभांगीनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत थांबली.