साडेसातचं औषध

तिने फाईल टेबलावर ठेवली आणि आधी खुर्च्या मोजल्या. सहा. चार हॉस्पिटलच्या माणसांच्या, दोन आपल्या. सिस्टरने मात्र ती वाटणी मोडून तिला आणि सासऱ्यांना मधोमध बसवलं, मुलीची ढकलगाडी दोघांच्या मध्ये घेतली आणि दार लावलं.

"तुझं लग्न ठरवायलासुद्धा इतकी माणसं बसली नव्हती," सासरे पुटपुटले.

ती हसली नाही. अडीच वर्षं ती ही दारं वेगवेगळ्या दिवशी वाजवत आली होती. स्नायूंच्या डॉक्टर एका मजल्यावर, सर्जन दुसऱ्या, आहारतज्ज्ञ बाई तर पलीकडच्या इमारतीत. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, आणि निरोप पोचवणारी ती एकटी. ही सिस्टर नवी आली आणि तिने हट्टाने सगळ्यांना एका टेबलाशी आणलं. घरच्यांसकट.

तीन वर्षांच्या गुंडीचं वजन पाच महिन्यांत रतीभरही वाढलं नव्हतं. 'गुंडी' हे आजोबांनी ठेवलेलं नाव. अंग ताठ, गिळणं मंद, आणि घास तोंडात असतानाच पोरीचे डोळे मिटत. पोटाला छिद्र पाडून नळी बसवायची की नाही, हे आज ठरणार होतं. नळी बसली म्हणजे तोंडाने खाणं बंद होत नाही, हे तिला तिघांनी तीनदा सांगितलं होतं आणि तिने तीनदा मान डोलावली होती. पण गुंडीला जगातली एकच गोष्ट आपणहून करता येत होती. चमचा दिसला की ती तोंड उघडायची.

"तक्ता बघू?" आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

तिने महिन्याभराचे कागद पुढे सरकवले. पट्टीने आखलेले रकाने: वार, औषधाची वेळ, जेवणाची वेळ, किती मिली पोटात गेलं. वरच्या कागदाचा कोपरा तिने अंगठ्याखाली दाबून ठेवला होता. तो तिने सोडला नाही.

बाईंची पेन्सिल एकेका ओळीवरून खाली येत गेली आणि मग परत वर गेली.

"मंगळवार आणि शुक्रवार. दोन्ही दिवशी दीडशेच्या घरात. बाकी नव्वद, शंभर. त्या दिवशी वेगळं काय करता?"

"काहीच नाही. मी सकाळी कॉलेजात तास घ्यायला जाते, म्हणून बाबा भरवतात. औषध तेच, चमचा तोच, वेळ तीच. लिहिलंय ना तक्त्यात."

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"वेळ तेवढी तीच नाही," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"साडेसातचं औषध मी पावणेनऊला देतो. जेवण झाल्यावर. ते पोटात गेलं की अर्ध्या तासात ती पेंगते. पेंगणारं पोर गिळणार काय?"

"पण लिहिता तर साडेसात," ती म्हणाली.

"तू तसंच आखलंयस. त्यात पावणेनऊला जागा कुठे होती?"

"मला सांगायचं होतंत, बाबा."

"तू आधीच धास्तावलेली. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तरी जेवायची नाहीस. म्हटलं, आपण मूग गिळून बसावं."

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस आठवड्यातून दोनदा खोटी वेळ लिहीत होता. तिने कागदावरचा अंगठा आणखी दाबला.

स्नायूंच्या डॉक्टर पुढे झुकल्या. "साडेसात मी लिहिलं. व्यायामाआधी अंग सैल पडावं म्हणून. पण आठला जेवण कुणी सांगितलं?"

"मी," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "तुमची चिठ्ठी माझ्यापर्यंत आलीच नाही."

"म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं," सिस्टर म्हणाली. तिचा सूर थट्टेचा नव्हता.

"आजोबा, औषधाची वेळ परस्पर बदलायची नाही हं," डॉक्टर म्हणाल्या. "या वेळी निभावलं."

"चुकलंच," सासरे म्हणाले.

आता सर्जननी कागद स्वतःकडे ओढायला हात पुढे केला. तिचा अंगठा तसाच होता म्हणून तो अर्ध्यावरच थांबला.

"औषध जेवणानंतर देऊन बघू," ते म्हणाले. "नळीचं सहा आठवड्यांनी ठरवू. बाकीच्या दिवशीही नव्वद-शंभर जातंय, तर तेवढा वेळ आहे आपल्याकडे."

सहा आठवडे. तिने मनात ते दिवसांत मोजून पाहिले. सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिने फक्त मान हलवायची, फाईल उचलायची आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

गुंडी ढकलगाडीत जागी होती. दिव्याकडे बघत होती.

तिने अंगठा उचलला.

"सोमवारचं नव्वद नाही. पंचावन्न आहे."

तिने बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"असे आणखी आठ दिवस आहेत. लाळेऱ्यावर सांडलेलं मी पोटात गेलेलं धरत होते." तिचा आवाज तिलाच वर्गातल्यासारखा सपाट वाटला. "शंभरच्या आसपास दिसलं तर तुम्ही नळी लांबवाल, म्हणून."

सर्जननी पेन खाली ठेवलं. आहारतज्ज्ञ बाईंनी पेन्सिलीने काहीतरी मांडलं आणि कागद त्यांच्याकडे फिरवला.

"म्हणजे औषधाच्या वेळेने पडणारा फरक वाटला त्याहून मोठा आहे," बाई म्हणाल्या. "ती चांगली गोष्ट."

"आणि वेळ वाटला त्याहून कमी आहे," सर्जन म्हणाले. "सहा नाही. तीन आठवडे. दर सोमवारी वजन इथे करायचं. नाही वाढलं तर नळी."

"हो," ती म्हणाली.

सिस्टरने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तो तसाच राहिला. तिने पेन घेतलं आणि सोमवारच्या नव्वदवर टेकवलं. आडवी रेघ ओढणार तोच सासऱ्यांनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बारीक स्क्रू उचलून उचलून घट्टे पडलेली बोटं.

"खोडू नकोस," ते म्हणाले. "शेजारी लिही."

तिने शेजारी पंचावन्न लिहिलं. मग एकेक करून बाकीचे आठही. झाल्यावर पेन त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावला, मंगळवारची ओळ शोधली आणि साडेसातच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात पावणेनऊ लिहिलं. मग शुक्रवार. पेनाचं चकचकीत टोपण त्यांच्या बोटांत चमच्यासारखं हलत होतं.

ढकलगाडीतून ते बघून गुंडीने तोंड उघडलं.