चिंचोक्यांचं मतदान

"मडकी काढू नका, गुरुजी. यंदा निवडणूक न्हाय."

चनबसप्पा गुरुजी कपाटात अर्धे शिरले होते, ते हेडमास्तरांचा आवाज ऐकून तसेच मागे फिरले. सातवीच्या नागरिकशास्त्रात मतदानाचा धडा होता आणि तो ते दरवर्षी वर्गमंत्र्याची निवडणूक घेऊनच शिकवत. उमेदवाराला एक मडकं, मतदाराला एक चिंचोका. इतर शिक्षक हा विषय इतिहास संपल्यावर उरकून टाकत. गुरुजींचा सगळा जीव त्यातच.

"धडा तर पुस्तकात हाय की, सर."

"मग प्रश्नोत्तरं लिहून द्या. आणीबाणी लागलीय. कुणी वर कळवलं तर? तुमची पेन्शन तोंडावर, माझी पोरं लहान." हेडमास्तर धोंडिराम वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "वर्गमंत्री म्हणून सिद्धप्पाचं नाव सांगून टाका."

गुरुजी भांडले नाहीत. भांडण त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

वर्गात नाव सांगतानाच त्यांना घाम फुटला. टोपी काढून त्यांनी टेबलावर उलटी ठेवली. पोरं खिशातले चिंचोके चाचपत एकमेकांकडे बघू लागली. यंदा उमेदवार व्हायचं म्हणून महिनाभर नाचणारी अक्कम्मा उठली.

"गुरुजी, मत कुटं टाकायचं?"

"यंदा मत नाही, बाळ."

"धड्यात तर लिवलंय की!"

खोटं शिकवायची सवय नव्हती आणि खरं बोलायची छाती होईना. गुरुजी फळ्याकडे वळले आणि 'प्रश्न पहिला' लिहू लागले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

घंटा झाली. अक्कम्मा टेबलापाशी आली, घुटमळली आणि तिनं आपला चिंचोका गुरुजींच्या टोपीत टाकला. मग मागच्यानं टाकला. मग सगळ्यांनीच. शेवटी खाली मान घालून सिद्धप्पानंही.

ते चिंचोके ओतून टाकायला गुरुजींचा हात धजेना. टोपी ओंजळीत धरून ते बोडक्या डोक्यानं घरी निघाले. त्यांच्या पेठेत कर्ता माणूस बोडका बाहेर पडे तो घरात कुणी गेलं तरच. ओळखीचे दुकानदार उठून उभे राहिले. विचारायचा धीर कुणालाच झाला नाही.

त्यांची बायको ईरम्मा त्यांना बघून उंबऱ्यातच बसली. "अगं बाई! अहो, कोण गेलं?"

गुरुजींनी टोपी पुढे केली.

तिनं चिंचोके पाहिले, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. आतून एक गाडगं आणून तिनं पुढ्यात ठेवलं. गुरुजींनी चिंचोके त्यात अलगद ओतले.

टोपी रिकामी झाली, पण दिवस मावळेपर्यंत त्यांनी ती डोक्यावर घातली नाही.