तीन किल्ल्यांची पेटी

मुनाला पाजताना माझा एक हात अडकलेला असतो, म्हणून फोरमची झाडलोट मी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने करते. "तुमची नाणी आठवड्यात दुप्पट" असं कुणी लिहिलं की उडवायचं. माझाच फोटो लावून, माझ्याच नावाने लोकांना "जरा तुमचं खातं तपासायचंय" असं विचारणारा दिसला की त्यालाही उडवायचं. तो तासाभरात दुसऱ्या नावाने परत येतो, मग पुन्हा उडवायचं. नवरा पोर्ट हारकोर्टला कामाला आहे, शनिवारी येतो. तो म्हणतो, "पगार नाही, पाणी नाही, कशाला हा उद्योग?" मी त्याला सांगते की बाळाच्या श्वासाकडे दिवसभर बघत बसण्यापेक्षा हे बरं. ते खरंच आहे. मुनाचा श्वास जरा लांबला तरी माझा थांबतो. निदान फोरमवर धोका असला तर तो लिहून येतो.

आमच्या फोरमचं नाव 'आहिया', म्हणजे बाजार. एनुगू, नसुक्का, आबा या शहरांकडची माणसं. नायराची नोट रोज सकाळी थोडी थोडी विरघळते, म्हणून जमेल तेवढं लोक डिजिटल नाण्यात घालून ठेवतात आणि एकमेकांत देवघेव करतात. राखण करणारे आम्ही दोघं. एक मी. दुसरे ओबिआजुलू. आबाच्या बाजारात त्यांचं मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सगळे त्यांना 'डेडे' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. मला सगळे 'मुनाची आई' म्हणतात. माझं स्वतःचं नाव तिथे कुणाला आठवत असेल असं वाटत नाही.

राखणीशिवाय आमचं आणखी एक काम होतं, पेट्यांचं. पेटी म्हणजे लाकडाची नव्हे. ज्याला नाणी दीर्घकाळ जपून ठेवायची असतील त्याला आम्ही तीन किल्ल्या करून द्यायचो. एक मालकाच्या फोनमध्ये, एक माझ्या, एक डेडेंच्या. त्यातल्या कुठल्याही दोन लागल्या की नाणी हलतात, एका किल्लीने काही होत नाही. फोन चोरीला गेला तरी चोर हात चोळत बसतो. "आणि तुम्ही दोघांनी संगनमत केलं तर?" असं कुणी विचारलं की उगोन्ना लिहायचा, "काळजी नको. त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून तर निवडलंय."

उगोन्ना नसुक्कात छपरांवर सौर पॅनेल बसवायचा. फोरमवर आला की आधी सगळ्यांची चौकशी, मग हवा-पाणी, मग कालच्या सामन्यात कोण कसं हरलं ते, आणि शेवटी मुद्दा. डेडे वैतागायचे. "अरे, बाजार आहे हा, लग्नाचा मांडव नाही." पण नियम करायचे झाले की उगोन्नाच हवा. किल्ली लावण्याआधी मालकाचा चेहरा व्हिडिओवर पाहायचा, चेहरा नाही तर किल्ली नाही, हा नियम त्याचाच. एकाची पेटी त्याच्या चुलतभावाने गोड बोलून उघडवली होती, त्यानंतर त्याने तो करायला लावला.

स्वतःची पेटी केली तेव्हा त्याने मला फोन केला होता. मागे कुणीतरी भांडी हलवत होतं. "मुनाची आई, ही उझोअमाकासाठी आणि पोरीसाठी. माझा धाकटा भाऊ इकेदी आहे ना आहियावर, त्याच्या कानावर नको. आमच्याकडे एका भावाला कळलं की ते सगळ्यांचं होतं." आणि हसला. मीही हसले. असे भाऊ कुणाकडे नसतात?

त्या सकाळी उगोन्नाच्या खात्यावरून मला खासगी मेसेज आला.

"पेटी उघडायची आहे कशी"

ना नमस्कार, ना हवा-पाणी. मी थांबले. बऱ्याच वेळाने पुढचं आलं, "फोन माझ्याजवळ आहे". मग अर्धंच वाक्य, "तुमची किल्ली". मग कितीतरी वेळ काहीच नाही.

खातं बळकावलेल्यांची लिहिण्याची घाई मी ओळखते. हे तसं नव्हतं. मधेच तुटणारं, कॅपिटल अक्षरांची आणि पूर्णविरामांची पर्वा नसलेलं हे लिहिणं माझ्या ओळखीचं होतं. असं मी लिहिते. दुसऱ्या हातात मूल असलं की असंच लिहिलं जातं.

मी नियमाप्रमाणे लिहिलं, "चेहरा दाखवा."

लगेच कॉल आला. पडदे ओढलेली खोली, बाहेर मात्र लख्ख ऊन असणार, कारण पडद्याची किनार पेटल्यासारखी दिसत होती. एक बाई, मांडीवर मुनापेक्षा थोडी मोठी मुलगी.

"मी उझोअमाका," ती हळू आवाजात म्हणाली. "ते प्रवासाला गेलेत."

"फोन घरी ठेवून?"

"हो."

"कधी येतील?"

तिने मुलीचं झबलं सारखं केलं. ते आधीच सारखं होतं. "ताई, तुमची किल्ली लावा ना. आजच. उद्या घरात माणसं भरतील, मग मला फोनला हात लावता येणार नाही."

"बाई, नियम आहे. मालकाचा चेहरा..."

"माहितेय. नियम त्यांचाच आहे. ते तुमच्याशी बोलत होते तेव्हा मी शेजारीच भेंडी चिरत होते."

मी एकेक गोष्ट जुळवू लागले. पडदा, आवाज, तो न आलेला हुंदका. तरीही मनाचा दुसरा कोपरा म्हणत होता, चोरही बायको आणू शकतो, मूलही आणू शकतो. गेल्याच महिन्यात एका भामट्याने आजारी आई दाखवून किती जणांना लुटलं होतं.

"दुपारपर्यंत सांगते," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि कॉल बंद केला. मी डेडेंना लिहिलं, "उगोन्नाच्या फोनवरून त्याची बायको बोलतेय. पेटी उघडायची म्हणते. तो दिसत नाही. काय करायचं?"

तोवर आई कढत पाण्याचं भांडं घेऊन आली. मुना झाल्यापासून ती आमच्या रीतीप्रमाणे माझ्याकडेच मुक्कामाला होती. रोज सकाळी गरम फडक्याने पोट शेकायचं, मग मिरपूड घातलेलं झणझणीत माशाचं पाणी प्यायला लावायचं आणि मी "तिखट आहे" म्हटलं की म्हणायचं, "तिखटच असतं. बाळंतपण काय केकने करतात?"

शेक चालू असतानाच डेडेंचा फोन आला. मी तो उशीवर ठेवून स्पीकर लावला.

"मुनाची आई, खातं बंद करून टाक. ती चोर आहे."

"कशावरून?"

"इकेदीला विचारलं ना मी. सख्खा भाऊ आहे, त्याला नाही विचारणार तर कुणाला? म्हटलं, तुझ्या भावाच्या पेटीचं कुणीतरी विचारतंय, तो बरा आहे ना? तर म्हणाला, ठणठणीत आहे, प्रवासाला गेलाय. मग ही बाई कोण?"

"डेडे, घरी कुणाला विचारायला नको होतं."

"अगं, विचारलं पण. झालं. आणि का नाही विचारायचं? भावापासून काय लपवायचंय?"

"तो पेटीचं काय म्हणाला?"

"काय म्हणणार? कसली पेटी, म्हणाला. मी सांगितलं."

डेडे दोनदा "हॅलो" म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आईचा हात माझ्या पोटावर थांबला होता. "बायको काय म्हणाली होती?"

"तो प्रवासाला गेलाय."

"आणि भाऊ?"

"तेच."

"तोच शब्द?"

"तोच."

आईने फडकं पिळलं, जरा जास्तच जोरात. "रडत होती का ती?"

"नाही."

"म्हणजे अजून तिला रडू दिलेलं नाही." ती भांड्याकडे बघत बोलत होती. "तुझे काका गेले तेव्हा बाजारात मला चार जणींनी विचारलं, आणि मी चौघींना सांगितलं, प्रवासाला गेलेत. भावकीतला थोरला तोंडाने सांगत नाही तोवर माणूस गेलेला नसतो. तो थोरला लांब कुठेतरी असेल, त्याची वाट बघत असतील. तोवर बायकोनं रडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर तिनेच नवरा खाल्ला म्हणायलाही कमी करत नाहीत."

"आई, हे मला माहीत आहे."

"माहीत आहे, तर मग इथे झोपून काय करतेयस?"

मी उठले. पोटावरचं फडकं खाली पडलं. उझोअमाकाला लिहिलं, "पेटीची मागणी पाठवा. आत्ता. मी किल्ली लावते." नियम मोडायचा तर मोडायचा. नियम करणाराच आता...

मेसेजसमोर एकच खूण उमटली. गेला होता, पोचला नव्हता.

मी मुनाला पाजलं, तिला ढेकर काढायला लावला, कपडे वाळत घातले. खूण एकच. आईने जेवायला वाढलं, ताटावरून फोन दिसेल असा ठेवला. एकच. मी उगोन्नाच्या नंबरवर साधा फोन लावून पाहिला. बंद. नसुक्का तसं जवळच आहे, गाडीने गेलं तर फार वेळ लागत नाही. पण कुठल्या घरी जायचं? आणि गेल्यावर उंबऱ्यात उभं राहून काय म्हणायचं? 'तुमचा मुलगा प्रवासाला गेलाय ना, त्याच्या बायकोला बोलवा'?

ऊन उतरल्यावर दुसरी खूण आली. मग उत्तर आलं.

"शुभ दुपार. आपला संदेश मिळाला. याबाबत कुटुंब लवकरच आपल्याशी संपर्क साधेल."

कॅपिटल अक्षरं जागच्या जागी. प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम. दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसाने लिहिलेलं.

पुढच्या आठवड्यात लेगॉसहून भावकीतले थोरले आले आणि उगोन्ना मेला. इकेदीने फोरमवर फलक टाकला. काळी चौकट, सूटमधला उगोन्ना, खाली मुलगी आणि भाऊ यांची नावं. छपरावरून पडला होता, पॅनेल बसवताना. आहियावर इतके हुंदके मी कधी पाहिले नव्हते. ज्यांनी त्याच्या लांबलचक नमस्कारांची टर उडवली होती त्यांनीच ते नमस्कार शोधून शोधून पुन्हा टाकले. कुणी लिहिलं, "आता आम्हाला हवा-पाणी कोण विचारणार?" मी काही उडवलं नाही. त्या गर्दीत "नाणी दुप्पट" वालाही शिरला, तोही श्रद्धांजली वाहून मगच मुद्द्यावर आला. त्याला तेवढा उडवला.

आणि पेटी उघडण्याची मागणी आली. उगोन्नाच्या फोनवरून, सोबत मृत्यूचा दाखला आणि इकेदीचा हसरा, स्वच्छ चेहरा.

मी डेडेंना फोन केला. "किल्ली लावू नका."

"का?"

मी सगळं सांगितलं. भेंडीचंही सांगितलं, त्याची काही गरज नव्हती. मागे बाजारातला गोंगाट, कुणीतरी चार्जरसाठी घासाघीस करत होतं.

"हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला तरी तेव्हा कुठे..."

"ऐक. नियमात लिहिलंय, मालक गेला तर घरच्यांनी दाखला दाखवायचा. दाखला आहे."

"बायको घरची नाही का?"

"माझ्याशी नको भांडू गं. भावकीने बसून ठरवलंय, इकेदी बघणार. मी आबात स्क्रू विकत बसलोय, मी त्यांच्या घरचा न्याय करू? उद्या प्रत्येक पेटीवर एक भाऊ आणि एक बायको येऊन भांडतील. मग आपल्यावर विश्वास ठेवणार कोण?" त्यांचा आवाज उतरला. "मलाही बरं वाटत नाहीये. पण मी जर आज मनाला वाटतं म्हणून किल्ली अडवली, तर उद्या मनाला वाटतं म्हणून लावीनही. उगोन्नाच म्हणायचा ना असं?"

तोच म्हणायचा.

माझ्या फोनवर दोन बटणं होती. मी 'नकार' दाबला. थोड्या वेळाने खाली ओळ आली: तीनपैकी दोन किल्ल्या लागल्या, व्यवहार पूर्ण. माझ्या नकाराची त्यात कुठे नोंदही नव्हती, कारण तो लागतच नव्हता.

मी आईला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, नुसती मुनाला माझ्याकडून घेऊन गेली.

उगोन्नाला पुरल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला, या वेळी तो दबका नव्हता.

"शेजारणीच्या फोनवरून बोलतेय," उझोअमाका म्हणाली. "एकच विचारायचंय. दुसरी किल्ली कुणी लावली?"

"मी नाही."

"बरं." मागे मुलगी काहीतरी बडबडत होती, अजून शब्द न झालेलं. "त्या दिवशी मला बघितलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. "कळल्यासारखं झालं होतं."

"इकेदीला पेटीचं त्या दुसऱ्या किल्लीवाल्याकडूनच कळलं. मग त्याला कशाला विचारलंत?"

"खात्री करून घ्यायची होती."

"झाली?"

पलीकडून मुलगी रडायला लागली, उझोअमाका तिला "आले गं, आले" म्हणाली आणि फोन बंद झाला.