होडीतले दादा

भरतकामाच्या मंडळात बायका पंधरा आणि मतं सोळा. गावाचा इतिहास नऊ चौकटींत भरून तो पडदा रविवारी ग्रंथालयाच्या भिंतीवर टांगायचा होता. पुलाला एक कमान जास्त मागणारी कंत्राटदाराची सून, शाळेच्या छपराचा रंग परस्पर बदलणाऱ्या मुख्याध्यापिका, अशा सगळ्यांना चौकटी तपासणाऱ्या शिवणाच्या बाईंनी वठणीवर आणलं होतं. पण गुरुवारी त्यांची सख्खी नणंद महापुराची चौकट घेऊन आली, आणि बाईंनी चष्मा काढून कपाळ दाबलं.

होडी छान होती. पाणी तर चार निळ्या छटांत. फक्त वल्ही मारत होते ते दादा, म्हणजे नणंदेचे वडील, बाईंचे सासरे. पुरात दादा कौलांवर अडकून बसले होते आणि नावाड्यानं त्यांना उतरवून आणलं, हे खुद्द दादाच हयातभर सांगत आले होते. त्या नावाड्याची मुलगी खिडकीपाशी बसून किनार भरत होती. तिनं चौकट पाहिली. त्यानंतर सुईत दोरा ओवायला तिला तीन खेपा लागल्या.

नावाड्याचा चेहरा आता कुणाला आठवतोय, असं नणंदेचं म्हणणं. दादांचा निदान फोटो होता. मंडळाच्या अध्यक्षांनी इतक्या जवळून कोण बघतंय म्हणून हात झटकले.

"वन्सं, हे उसवायचं," बाई म्हणाल्या.

"माझ्या बापाला उसवणार तुम्ही?"

"दादांना पोहताही येत नव्हतं."

नणंद पर्स उचलून तरातरा निघून गेली.

दोन तास उसवण्यात गेले. टाके दाट होते, त्यामुळे दोरे निघाले तरी सुईची भोकं राहिली. बसलेला माणूस कापडावर जसाच्या तसा. त्यावरच नावाडी भरावा म्हणून बाईंनी मुलीला बोलावलं, तर ती म्हणाली, "वडील उभ्यानं बांबू रेटायचे. बसून होडी हाकताना मी त्यांना कधी पाहिलं नाही."

बाईंनी डोक्याला हात लावला. उभा माणूस भरायचा, तर या भोकांचं करायचं काय?

"बसलेला बसू दे की," मुलगी म्हणाली. "होडी रिकामी थोडीच होती?"

शनिवारी नणंद पुन्हा उगवली. होडीच्या टोकाला मुलगी उभा नावाडी भरत होती. मधल्या भोकांवर बाई दादांना भरत होत्या. हात मांडीवर, अंगाभोवती तांबडं कांबळं. नणंद मागून वाकून बघू लागली.

"कांबळं तांबडं नव्हतं," ती म्हणाली. "काळं होतं. नावाड्याचंच. घरी आल्यावर मीच काढलं होतं दादांच्या अंगावरून."

"हे गुरुवारी सांगितलं असतंत तर?" बाईंनी अर्धं झालेलं तांबडं कांबळं तिच्यापुढे सरकवलं आणि कात्री हातात दिली. "उसवा आता तुम्हीच."