संगजिऱ्याच्या दगडावरचा डाग

आज घासला तरी डाग उद्या पुन्हा हजर. तायमीचं डोकं फिरायची वेळ आली होती. घर तापवणाऱ्या भल्यामोठ्या शेगडीच्या काचेच्या दाराच्या वर, संगजिऱ्याच्या करड्या दगडावर, धुराचा तपकिरी पट्टा. ओला पॉलिशपेपर गोल गोल फिरवला की दगडाची पांढरी पूड निघायची, डागही निघायचा, पण सकाळी बघावं तर मेला तिथंच! नाताळला सून इंका येणार, सोबत पाच महिन्यांचा नातू एलिस, आणि दगडाच्या खाणीत जन्म घालवलेल्या माणसाच्या घरात ही अशी शेगडी!

"ओली लाकडं घालतेस तू," तिचा नवरा ताहवो म्हणाला. शेगडी त्यानं स्वतः बांधलेली, तेव्हा चूक बायकोचीच असणार.

"दोन उन्हाळे वाळलेला बर्च आहे, तुम्हीच फोडलेला. ओला कुठून होईल?"

"मग घासण्यात दम नाही."

"या की, तुम्हीच घासा. माझी बोटं झिजली."

तो हसला आणि कपाळ दाबत बसला. हल्ली रोजच त्याचं डोकं ठणकायचं. हवा बदलतेय म्हणायचा.

नाताळच्या आदल्या दिवशी इंका बाळाला घेऊन आली. दुपारीच अंधार पडला. सगळे सॉनात घाम काढून आले, तांदळाची खीर खाल्ली. बाळाची टोपली शेगडीलगतच्या बाकावर ठेवली, घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. इंका आतल्या खोलीत आडवी झाली, ताहवो आरामखुर्चीत घोरू लागला. भांडी विसळून तायमी ओलं फडकं घेऊन शेगडीपाशी गेली. सकाळी घासलेल्या दगडावर पुन्हा तपकिरी छटा होती. दाराच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

तिनं काचेतून आत पाहिलं. निखाऱ्यांवर निळ्या ज्योती नाचत होत्या, आणि वर धुरांड्याची झडप घट्ट बंद. निळी ज्योत असताना झडप लावायची नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. विषारी वायू घरात कोंडतो, त्याला ना रंग ना वास.

"अहो! झडप कुणी लावली?"

"मीच," तो डोळे न उघडता म्हणाला. "गेल्या हिवाळ्यापासून लवकरच लावतो. सगळी ऊब काय आभाळाला द्यायची?"

तिनं झडप ओढून उघडली, टोपलीतून बाळ उचललं आणि अनवाणीच बाहेर बर्फात धावली. बाळाची मान लुळी पडली होती.

"एलिस! अरे रड की रे राजा, रड!"

इंका ओरडत धावत आली. तायमीनं बाळाची पाठ चोळली, गालावर चापट मारली. बराच वेळ काहीच नाही. मग बाळानं दूध ओकलं आणि टाहो फोडला. इंकानं त्याला सासूच्या हातातून ओढून घेतलं. त्याला छातीशी घट्ट धरून ती ॲम्ब्युलन्सला फोन करू लागली.

ताहवो उंबऱ्यात दार धरून उभा होता. चेहरा पांढराफटक.

"आई," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात आई त्याच बाकावर झोपायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं."

तायमीला सासू गेली ती सकाळ आठवली. मयताला माणसं येतील म्हणून तिनं आधी शेगडीवरचा डाग घासून काढला होता. ते तिनं त्याला सांगितलं नाही.