कमरेइतका चेंडू

अख्ख्या गल्लीची मापं माझ्या वहीत आहेत. कोणाचा खांदा उतरता, कोणाचं पोट वर्षाला किती पुढे सरकतं, सगळं. टेलर मास्तर म्हणून माझा तोरा त्या वहीवरच. अशा माणसाने हे करावं म्हणजे हद्द झाली.

माझी लेक अकरा वर्षांची, टेनिसवेडी. क्लबच्या प्रशिक्षक बाई वर्षातून एकदाच चाचणी घेऊन आठ मुलं निवडतात. निवड झाली तरच कोर्टावर खेळायला मिळतं. चाचणीला तीन महिने होते आणि तिचा फटका काही सुधारत नव्हता. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि डोकं लढवलं. चेंडूला दाभणाने आरपार भोक पाडून त्यात इलॅस्टिक ओवलं, दुकानामागच्या खोलीत छताच्या हुकाला टांगलं. मारला की चेंडू आपला परत जागेवर. चेंडू कमरेच्या उंचीवर मारायचा, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. मी समोर उभा राहिलो, चेंडू कमरेशी आणला आणि वर गाठ मारली. लेकीचं मनगट वाकू नये म्हणून जाड कापडाचा पट्टाही शिवला. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सगळं आत नेऊन दाखवायचो.

"बाबा, जरा वर वाटतोय," लेक पहिल्याच दिवशी म्हणाली.

"मग टाचा उचल. कारणं नकोत."

तिने टाचा उचलल्या. रोज दोनशे फटके, तीन महिने.

चाचणीच्या दिवशी बाई पलीकडून एकेक चेंडू टाकत होत्या. चेंडू यायचा तिच्या कमरेशी, ही चवड्यांवर उंच, आणि फटका जाळीत. पुन्हा जाळीत. मागे बाकांवर आईबाप बसले होते, त्यातल्या चौघांच्या अंगावरचे कपडे मीच शिवलेले. मी तिथूनच ओरडलो, "अगं, डोळे कुठे आहेत तुझे!"

बाईंनी खेळ थांबवला आणि तिच्याजवळ आल्या. "हात छान आहे गं तुझा. पण दर वेळी टाचा का उचलतेस? कोणी शिकवलं हे?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. चौघंही माझ्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटलं. मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. ती सुटलेली नव्हती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझीच सवय आहे."

"शिकवलेलं असतं तर आठवड्यात काढलं असतं," बाई हळहळल्या. "अंगातच असेल तर अवघड आहे." आणि त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली. मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

घरी आल्यावर मी टेप काढली. जमिनीपासून तिची कमर मोजली, मग चेंडू मोजला. चेंडू वीतभर वर, माझ्या कमरेइतका. सगळ्या गल्लीची मापं घेणाऱ्याच्या वहीत स्वतःच्या लेकीचंच माप नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू बाईंना खरं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना दाखवलं होतं ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता मी चेंडू आणि इलॅस्टिक पिशवीत घालून क्लबवर गेलो. पोरांसमोर, आईबापांसमोर सगळं सांगितलं. बाईंनी चेंडू हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"मास्तर, हे काल सांगायचं होतं. यादी लागली."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आणा. आधी टाचा खाली आणा."

संध्याकाळी मी गाठ सोडून चेंडू तिच्या मापाने बांधला. तिने रॅकेट उचलली, आणि चेंडूला लागायच्या आधीच टाचा वर गेल्या. तिने पुन्हा मारून बघितलं. पुन्हा वर.

"आता आपोआप जातात, बाबा."

मी गुडघे टेकून खाली बसलो, विजारीची उंची घेताना बसतो तसा. तिच्या दोन्ही टाचा हातांनी जमिनीवर धरून ठेवल्या आणि म्हणालो, "मार."