बुवांच्या तोंडी बंदर आळी

कुकरची शिट्टी झाली आणि भामाकाकीच्या ओटीवर श्वास रोखून बसलेली गर्दी दचकली. डोळे मिटलेल्या दयारामबुवांनी संधी सोडली नाही. "आई आली! हुंकार दिला!"

सगळ्यांचे हात जोडले गेले. का नाही जोडणार? कुठल्या आळीत ताप येणार ते बुवांनी दोनदा आधीच सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा आला होता. आत काकीचा नातू हितेश तीन दिवस फणफणत होता. मी गावची आशा सेविका, कडेवर माझी धाकटी, शेजारी पाच वर्षांची थोरली, आभा. पण काकी त्याचं थेंबभर रक्त घेऊ देईना.

"सुई नको गो. बुवांचा अंगारा हाय ना!"

"मलेरिया असला तर अंगारा काय करणार, काकी?"

"बुवांना ताप यायच्या आदी कलतंय. तुला कलतंय काय?"

कळत होतं, तेच तर! पनवेलच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं: पावसाने उघडीप दिली, ऊन तापलं, की टाक्यांत, बांधकामांच्या खड्ड्यांत डास वाढतात आणि काही आठवड्यांनी ताप येतो. दर सोमवारी पावसाचे आकडे बघून जपायच्या आळ्यांचा तक्ता मी फोनवर भरायचे.

बुवा घुमू लागले. "आता बंदर आळी! बंदर आळी सांभाळा!"

"आपल्याकडं बंदर कुठं हाय, बुवा?" काशीरामदादांनी विचारलं.

मी चटकन फोन काढला. बंदर आळी माझ्या माहेरची, मोरा गावातली. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत मी ती सहज, सरावापुरती लिहिली होती. तो तक्ता फक्त माझ्या फोनमध्ये. आणि मी बाळाला न्हाऊ घालताना फोन एकाच बाईच्या हाती असतो.

चंद्रावतीवहिनी, माझी थोरली जाऊ, बुवांच्या शेजारी मान खाली घालून बसली होती.

मी तक्ता सगळ्यांपुढे धरला. दोन्ही तापांच्या आळ्या, तारखा, खाली बंदर आळी.

"आई कधी लांबचंही बोलते," बुवा पुटपुटले.

"मंग आईला या पोरीचा मोबाईल कशाला लागतो?" काशीरामदादा म्हणाले.

हशा पिकला. भामाकाकी हसली नाही. तिने हितेशला माझ्यासमोर आणून बसवलं. "घे रगत." पंधरा मिनिटांत किटवर दुसरी रेघ आली. मलेरियाच. गोळ्या तिथेच सुरू केल्या.

बायांनो, ताप ओळखायला अंगात यावं लागत नाही. टाक्या झाका, रक्त तपासा. आणि कुणी भविष्य सांगितलं की आधी विचारा, तुला कसं कळलं?

घरी आल्यावर मीही तेच विचारलं. "का, वहिनी?"

"तुला सगली ताई ताई करतात. मला कोन इचारतंय? बुवा पुढं बसवायचे."

"हितेश गेला असता!"

माझ्या लेकींना पहिला मऊ भात तिनेच भरवला होता. एरवी तिच्याच भरवशावर मी दोघींना घरी सोडून गावभर फिरायचे.

आभाने माझा पदर ओढला. "आई, उद्या तू कामाला गेलीस की आम्हाला कोण बघणार?"